सुतकातलं विरजण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही — तिथे तर मी दरवेळी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला का सांगते आहे, तेही धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

मी विज्ञानाची शिक्षिका. तीस वर्षं खडू झिजवला. सुरुवातीची बरीच वर्षं पोलादपूरला होते. हे महाडला कोर्टात कारकून, म्हणून आठवडाभर मी पोलादपूरला भाड्याच्या खोलीत आणि शनिवारी दुपारच्या एस्टीनं महाडला, असा संसार. माझ्या खोलीच्या शेजारी, मधे एक फणसाचं झाड सोडून, तात्यांचं आंबीलघर होतं.

आंबील म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ताक घातलेली नाचणीची पेज येईल. तशी नव्हे. तात्या नाचणीला मोड आणायचे, ती वाळवून दळायचे, झऱ्याच्या पाण्यात शिजवून निववायचे, मग विरजण लावून मातीच्या रांजणात दोन दिवस ठेवायचे. गाळून, आल्याचा ठेचा नि कोकमाची दोन सालं घालून सोड्याच्या बाटल्यांत भरायचे. बूच काढलं की फस्स करून फेस यायचा. आंबट, आणि त्या आंबटामागून हळूच येणारी गोडी. घाट चढण्याआधी एस्टीचे ड्रायव्हर उभ्या उभ्या एक ग्लास मारून जात. मुंबईकर गणपतीला आले की परत जाताना बाटल्या टॉवेलात गुंडाळून नेत. लोक तिला गमतीनं ‘पोलादपूरची बियर’ म्हणत. नशा नव्हती — म्हणजे तात्यांच्या मते नव्हती. मला मात्र दुसऱ्या ग्लासानंतर वह्या तपासताना मुलांना जास्त मार्क द्यावेसे वाटत.

या सगळ्याचा जीव होता त्या विरजणात. तात्यांच्या आजीनं ते वरंधहून येताना बरोबर आणलेलं. एका चिनी मातीच्या बरणीत ते असायचं, राखाडी, दाट, वर पांढरट साय धरलेलं, आणि कान लावला तर आत बुडबुड चाललेली. घरातले सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारी जेवली का? म्हातारी आज कुरकुरतेय. मला हसू यायचं. मी वर्गात सूक्ष्मजीव शिकवायची ना, मला ठाऊक होतं आत कोण आहे ते.

ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. अडाणीपणाची सबब माझ्याकडे नाही.

आता सुनंदाचं सांगायला हवं. खरं म्हणजे तिचंच सांगायचं आहे — मी उगाच रांजणाभोवती घुटमळते आहे. सुनंदा माझी विद्यार्थिनी. डोंगरातल्या वाडीवरून रोज दीड तास उतरून शाळेत यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. प्रश्न विचारणारी मुलगी. आंबवण्याचा धडा शिकवताना मी एकदा मुलींना जरा जास्तच तावातावानं सांगितलं होतं — महिन्याच्या चार दिवसांत लोणच्याला हात लावला म्हणून लोणचं नासत नाही, पापड लाल होत नाहीत, हे सगळं थोतांड आहे. बाकीच्या मुली तोंडावर ओढण्या धरून खुदखुदत होत्या. सुनंदा वहीत लिहून घेत होती. थोतांड हा शब्द कसा लिहायचा, हेही तिनं विचारलं.

दहावीनंतर तिच्या घरी लग्नाचं सुरू झालं, तेव्हा तात्यांच्या मुलाचं स्थळ मीच सुचवलं. मुलगा विलास मुंबईला नोकरीला होता. सुनंदा सासरी राहिली आणि वर्षभरात तिनं आंबीलघर असं काही हातात घेतलं, की तात्या मला म्हणाले होते, “बाई, माझ्यामागं ही बघंल. इलासला नाय त्यातलं कळत. हिच्या हाताला कळतंय.” मला केवढा अभिमान वाटला होता! जशी काही तिच्या हातांना मीच शिकवलं होतं.

त्या वर्षी गणपती होऊन गेले आणि तात्यांचे थोरले भाऊ मुंबईत वारले. सगळ्या भावकीला सुतक आलं. आणि सुतकात म्हातारीला शिवायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. तेवढे दहा दिवस बरणी परक्या कुळाच्या घरी जायची, तिथे तिला रोज खायला घालायचं आणि अकराव्या दिवशी परत आणायची. नेहमी ती ज्यांच्याकडे जायची ते वयस्कर जोडपं त्या वर्षी लेकाकडे गेलं होतं. तात्या मुंबईला निघण्याआधी बरणी पोटाशी धरून माझ्या दारात उभे राहिले. सोबत झऱ्याच्या पाण्याची कळशी आणि मोडाच्या नाचणीच्या पिठाची पिशवी. रोज सकाळी मूठभर पीठ, लोटाभर पाणी, ढवळायचं, झाकायचं. एवढंच. “तुम्ही तर शिकलेल्या,” म्हणाले, “तुमाला काय सांगायचं?”

बरोबर आहे. मला काय सांगायचं?

पहिल्याच सकाळी कळशीत डोकावले तर तळाशी गाळ आणि वर दोन वळवळणारे जीव. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, गावात जुलाबाची साथ, आणि आरोग्य खात्यानं शाळेत क्लोरीनच्या बाटल्या वाटायला दिलेल्या. वाटायचं काम माझ्याकडे. मी घरोघर जाऊन सांगत होते, इतक्या पाण्यात इतके थेंब, तासभर थांबा, मग प्या. त्या भरात मी कळशीतही थेंब टाकले. गाळ जास्त दिसला म्हणून जरा जास्तच. आणि त्या पाण्यातलं लोटाभर म्हातारीला घातलं. वर पांढरी साय दिसत होती, ती मला बुरशी वाटली. तीही चमच्यानं काढून टाकली. आपण किती नीट, किती स्वच्छ काम करतो, असं वाटून मला त्या सकाळी बरं वाटलं होतं.

क्लोरीन कशासाठी असतं? जीव मारण्यासाठी. हे मी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं — त्याच आठवड्यात! आणि तरी सहा दिवस रोज सकाळी मी त्या बरणीत ते पाणी ओतत राहिले. शाळेतलं ज्ञान शाळेतच ठेवून घरी येतो का आपण? मला आजही कळत नाही.

सहाव्या दिवशी कान लावला तर आत काहीच नव्हतं. तीन दिवसांपासून बुडबुड कमी झाली होती, मी पावसाळी गारव्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. सातव्या दिवशी कडेनं काळी बुरशी धरली आणि वास आला — सडल्याचा, आणि त्यात मिसळलेला तो औषधाचा. तो वास नाकात गेला आणि मला सगळं एकदम कळलं. मी पाटावर बसून राहिले. शाळेची घंटा ऐकू आली तरी उठवेना.

तेव्हा सुनंदाकडे गेले असते तर? फणसापलीकडेच होती ती. तात्या आल्यावर त्यांचे पाय धरले असते तर? ते मला काय करणार होते? हळहळले असते, चार दिवस बोलले नसते. पण मी ‘बाई’ होते हो. अख्ख्या गावाची बाई. चूक करायची नाही, चूक काढायची.

त्या दुपारी अर्धा दिवस रजा टाकून महाडला गेले आणि एका बेकरीतून पाव फुगवायचं खमीर आणलं. घरी येऊन बरणीतलं सगळं फणसाच्या मुळाशी ओतलं. बरणी तीनदा धुतली. मग पीठ, पाणी, थोडं दही, चिमूटभर गूळ आणि ते खमीर. रात्रीपर्यंत फसफसायला लागलं. फार जोरात, म्हातारीपेक्षा कितीतरी जोरात. मी फडकं बांधलं आणि आता झालं म्हणाले.

अकराव्या दिवशी बरणी न्यायला सुनंदा आली. सासूला ताप होता, तात्या सकाळच्या गाडीनं नुकतेच पोचले होते. ती दारातच थांबली आणि हसून हळू आवाजात म्हणाली, “बाई, आज माझी अडचण हाय. घरात सांगितलं नाय. मीच नेते, काय होत नाय ना?” मी म्हटलं, काही होत नाही गो, ने. तिनं फडकं वर करून वास घेतला. कपाळाला आठी पडली. “वास येगळा येतोय, बाई.” मी म्हटलं, हवा बदलली आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बरणी पोटाशी धरून फणसाखालून गेली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या खेपेच्या बाटल्यांची बुचं फळीवरच उडाली. ज्या उरल्या त्यांना पावाचा वास आणि मागे कडवटपणा. ड्रायव्हरांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले. दुसऱ्या खेपेला चिकट तार सुटली. तिसरी तात्यांनी स्वतः, दोन दिवस उपास धरून लावली — तीही ओतावी लागली. ते वरंधला गेले, तिथल्या भावकीत कुणाकडे जुनं विरजण आहे का बघायला. कुणाकडेच नव्हतं. तिकडे सगळे कधीच चहावर आले होते. म्हातारी होती ती तेवढीच, त्या एका बरणीत.

मग घरात विचारणा सुरू झाली. कोण शिवलं? सुतकात कोण आत गेलं होतं? आणि सुनंदानं खरं सांगितलं. कुणी बघितलं नव्हतं, ती गप्प बसू शकली असती. पण ती म्हणाली, अकराव्या दिवशी बरणी मी आणली, माझे चार दिवस चालू होते, आणि त्यानं काय होत नाय, बाईंनी शिकवलंय.

तिच्या सासूनं कपाळावर हात मारून घेतला, म्हणे. मला हे सगळं तात्यांनीच सांगितलं. त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. पडवीत खुर्ची टाकली, सासूबाई खांबाला टेकून बसल्या, सुनंदा आतल्या दाराच्या चौकटीत उभी. तात्यांचं डोकं तेव्हाही भादरलेलंच दिसत होतं, खुंट नुकते वर येत होते. ते मला म्हणाले, “बाई, तुम्ही सांगाल त्ये मी मानीन. पोरीच्या शिवण्यानं म्हातारी मरते काय?”

त्यांना ‘नाही’ ऐकायचं होतं. हे मी शपथेवर सांगते. त्यांच्या आवाजात ते होतं, त्यांच्या डोळ्यांत होतं. त्या पोरीवर त्यांचा जीव होता. मी एक शब्द बोलले असते, तर त्यांनी बायकोला गप्प केलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. माझी चूक कबूल करायचीही गरज नव्हती. फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. जे मी वर्षानुवर्षं वर्गात ओरडून सांगत आले, तेच एकदा पडवीत सांगायचं होतं.

पण ‘नाही’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच असता — मग कशानं? आणि तो प्रश्न सुतकाच्या त्या दहा दिवसांपर्यंत मागे गेला असता, फणसापलीकडे, माझ्या खोलीत.

मी म्हणाले, “तात्या, सगळंच काही पुस्तकात नसतं.”

एवढंच. एवढंच बोलले मी. खोटंसुद्धा म्हणता येणार नाही, इतकं गुळगुळीत वाक्य. सासूबाईंनी मान डोलावली. तात्या जमिनीकडे बघत राहिले. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. वास वेगळा येतो म्हणून तिनंच मला सांगितलं होतं, हे तिला आठवत होतं — मला दिसलं, तिला आठवत होतं. ती त्या क्षणी बोलू शकली असती. बोलली नाही. माझी लाज राखली की माझ्यावर विश्वास ठेवला? इतकी वर्षं मी हे दोन्ही उलटसुलट करून पाहते. विश्वास ठेवला असेल, तर ते जास्त वाईट आहे.

ती वळून मागच्या दारी जाऊन बसली. आंबीलघरात ती पुन्हा गेली नाही. म्हणजे जाऊ दिलंच नाही तिला. दिवाळीनंतर तात्यांनी रांजण धुऊन मागे पालथे घातले. एस्टीतून उतरलेले लोक अजून विचारायचे, आंबील नाही का? तात्या म्हणायचे, “म्हातारी गेली.” नवख्या माणसाला वाटायचं घरातलं कुणी गेलं, आणि तो चुकचुकायचा. मी खिडकीतून ऐकायची. उन्हाळा लागला तेव्हा तिथे शीतपेयांचा लाल फ्रिज आला. तात्या त्याच्या शेजारी स्टुलावर बसून असायचे आणि स्वतः मात्र साधं पाणी प्यायचे.

मी पुढच्या वर्षी बदली मागून घेतली. लोकांना सांगितलं, ह्यांची आबाळ होते. निरोपाला तात्यांनी मला नारळ दिला.

बदली बिरवाडीच्या शाळेत मिळाली, महाडहून रोज जाऊन येऊन. तिथे मी चांगली शिक्षिका म्हणून नाव काढलं, काय सांगू तुम्हाला! दर वर्षी मार्चमध्ये मुलांना चवदार तळ्यावर घेऊन जायची आणि पायऱ्यांवर उभी राहून शिवाशिवीवर बोलायची. आवाज चांगला लागायचा माझा. एका वर्षी दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुद्दाम येऊन अभिनंदन केलं. मात्र पावसाळ्यात पाण्यात थेंब टाकायला मी ह्यांना सांगायची. स्वतः नाही टाकू शकत. त्या बाटलीचं झाकण उघडलं की अजूनही मला बरणीला कान लावल्यासारखं होतं, आणि आत काही नसतं.

बारा-तेरा वर्षांनी आठवीच्या वर्गावर दह्याचं प्रात्यक्षिक घेत होते. कोमट दूध, चमचाभर विरजण, एकेकानं पुढे येऊन ढवळायचं. एक मुलगी उठेना. नवीनच आली होती शाळेत. मनीषा नाव, वडील एमआयडीसीत कामाला लागले म्हणून मुंबईहून आलेली. मी जवळ गेले. ती खाली बघून पुटपुटली, “बाई, मी नको. आज माझ्या हातनं नासंल.” मी नेहमीचं सुरू केलं — अगं, असं काही नसतं, कोणी सांगितलं तुला? तशी ती मान वर करून म्हणाली, “असतं, बाई. माझ्या आईच्या हातनं आमच्या आजोबांची म्हातारी गेली. पोलादपूरची आंबील. आई सोता सांगते. म्हणते, तिच्या बाईंनी पण तसंच सांगितलं व्हतं.”

आई स्वतः सांगते. जिनं थोतांड हा शब्द वहीत नीट लिहून घेतला होता.

छत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती. चमचा माझ्या हातात होता. तात्या तेव्हा हयात होते की नव्हते मला ठाऊक नाही, पण सुनंदा होती — शाळेपासून दहा मिनिटांवर, कुठल्यातरी चाळीच्या खोलीत, आणि महिन्यातले चार दिवस त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून. मला शाळा सुटल्यावर चालत जाता आलं असतं. त्या दिवशी जाता आलं असतं, त्या वर्षी जाता आलं असतं. त्यानंतर मनीषा दोन वर्षं माझ्या वर्गात होती, त्यातल्या कुठल्याही दिवशी जाता आलं असतं. मी गेले नाही. पालकसभेला सुनंदा कधी आली नाही, आणि ती येत नाही म्हणून दरवेळी मला हायसं वाटलं.

मी मनीषाला म्हटलं, बरं, बस.

ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दही सुरेख लागलं होतं, सुरी घालून कापावं असं. मुलांनी रांगेनं येऊन एकेक चमचा खाल्लं. शेवटी मनीषा आली, टेबलापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढे केली. मी चमचा उंच धरला आणि वरून तिच्या हातावर दही घातलं.